खाऱ्या हवेतले जुने संगणक : कोकणात लिलाव, भंगार आणि माळ्यांवरून स्वस्त यंत्र निवडण्याची रीत

कोकण किनारपट्टीवर विक्रीला निघालेला जुना संगणक पाहायला गेल्यावर त्यात प्रोसेसर कोणता आहे हे विचारण्याआधी तो इतकी वर्षे कुठल्या खोलीत होता हे विचारावे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते पंख्याच्या ओढीने कॅबिनेटमध्ये शिरतात आणि मदरबोर्डवर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून पाझरू लागते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुतेक दिवस त्याहून वरच असते. त्यामुळे एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन संगणक, एक बंदराजवळच्या घराच्या पडवीत आणि दुसरा घाटाच्या पायथ्याशी वातानुकूलित खोलीत राहिला असेल, तर वीस वर्षांनी एका किमतीचे राहत नाहीत. देशावरच्या शौकिनांना हा प्रश्न इतका छळत नाही. आपल्याकडे मात्र स्वस्त काय आणि महाग काय हे आधी हवा ठरवते आणि मग बाजार, म्हणून पुढची सगळी रीत त्याच हिशेबाने मांडली आहे.

काय शोधावे आणि काय सोडावे

परदेशी संग्राहकांच्या याद्या समोर ठेवून कमोडोर, अमिगा किंवा पहिला मॅकिंटॉश शोधायला निघालेला माणूस कोकणात बहुधा रिकाम्या हाताने परततो. भारतात १९८० च्या दशकात आयातीवर कडक निर्बंध होते आणि कचेऱ्यांत आले ते मुख्यतः एचसीएल, विप्रो, झेनिथ, डीसीएम, अपट्रॉन अशा देशी नावांचे संगणक. त्यांतले बरेचसे आयबीएमच्या ऑगस्ट १९८१ मधल्या मूळ पीसीशी आणि पुढे १९८३ च्या एक्सटीशी किंवा १९८४ च्या एटीशी सुसंगत होते. एचसीएलचा बिझीबी किंवा विप्रोचा जीनियस ही नावे कॅबिनेटच्या पुढच्या पट्टीवर दिसली तर थांबावे, कारण अशा यंत्रांची मायदेशातच कोणी कदर केली नाही आणि ती फार वेगाने वितळवली गेली.

शाळांमध्ये एक वेगळा प्रकार सापडू शकतो. केंद्र सरकारने १९८४ मध्ये ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश यंत्र देण्यात आले. ६५०२ प्रोसेसर, ३२ केबी मेमरी, आणि कीबोर्डसकट सगळे एकाच पिवळट रंगाच्या पसरट डब्यात असल्याने अनेक मुख्याध्यापकांना तो नुसता कीबोर्डच वाटतो. जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात वरच्या बाजूला तांबड्या-केशरी रंगाच्या कळांची ओळ असलेला जाडजूड ‘कीबोर्ड’ दिसला, तर तो उचलून खाली पाहावे. डाव्या-उजव्या टोकापर्यंत जोडणीच्या फटी असतील तर तो पूर्ण संगणक आहे.

माझ्या मते मराठी माणसाने सर्वांत आधी शोधावी अशी वस्तू संगणकच नव्हे. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने बाजारात आणलेले जिस्ट कार्ड हे डॉसवर चालणाऱ्या साध्या पीसीत बसवले की पडद्यावर देवनागरी दिसू लागे. युनिकोड घरोघर पोचण्याच्या कितीतरी आधी सरकारी कचेऱ्यांतला मराठी मजकूर या कार्डांवर आणि इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या संहितेवर टंकला गेला. ही संहिता १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाली. भंगारवाल्याच्या दृष्टीने ते इतर कुठल्याही कार्डासारखेच हिरव्या पाटीचे कार्ड असते आणि तो ते सोन्याचा मुलामा काढणाऱ्याला विकतो. म्हणून मशीन टाकाऊ असले तरी आतली कार्डे एकेक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड, ९ किंवा २४ सुयांचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि जुने आयएसए स्लॉटवाले, म्हणजे कार्ड बसवायच्या लांब काळ्या खाचांचे मदरबोर्डही घ्यावेत. याउलट २००१ पासून गावोगाव एमएस-सीआयटीची केंद्रे निघाली, तेव्हा घेतलेले पेंटियम-३ आणि पेंटियम-४ संगणक आता ढिगाने निघत आहेत; त्यांना हात लावण्याआधी कपॅसिटरबद्दल पुढे लिहिले आहे ते वाचावे.

यंत्रे निघतात कुठून

पहिले ठिकाण नागरी बँका आणि पतसंस्था. बँकांच्या शाखांत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात खातेवहीच्या नोंदींसाठी एएलपीएम नावाने ओळखली जाणारी यंत्रे आली, आणि त्यांच्यासाठी गावातली बहुधा पहिली वातानुकूलित खोली बांधली गेली. त्या खोलीत चपला बाहेर काढूनच जावे लागे. हा शिरस्ता आज हसण्यावारी नेला जातो, पण त्यामुळे आत लाल माती आणि मीठ कमी गेले, आणि म्हणून बँकेच्या यंत्राला मी गावातल्या इतर कुठल्याही यंत्राच्या आधी भाव देतो. २००० साल येण्यापूर्वी तारखेच्या घोटाळ्याच्या भीतीने बऱ्याच संस्थांनी यंत्रे बदलली. बदललेली यंत्रे टाकून न देता तिजोरीच्या खोलीशेजारी रचून ठेवण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि वार्षिक सभेत इमारतीच्या दुरुस्तीचा ठराव झाला की ती बाहेर पडतात.

दुसरे ठिकाण औद्योगिक वसाहती : खेडजवळचे लोटे-परशुराम, महाड, रत्नागिरीचे मिरजोळे, कुडाळ. रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफसारख्या उपकरणाला जोडलेला पीसी वर्षानुवर्षे डॉसवर किंवा विंडोज ९८ वर तसाच चालवला जातो, कारण उपकरणाचे कार्ड आयएसए खाचेतच बसते आणि नवीन उपकरण परवडत नाही. उपकरण बाद झाले की पीसीही त्याच्याबरोबर बाद होतो. असे यंत्र घेताना ते कार्ड आणि त्याच्या फ्लॉपी वेगळ्या ठेवाव्यात, कारण तेच उपकरण अजून चालवणाऱ्या दुसऱ्या कारखान्याला त्यांची गरज असते आणि तो पीसीच्या किमतीहून जास्त मोजतो. फक्त प्रयोगशाळेत आम्लाची किंवा गंधकयुक्त वायूची वाफ असे का, हे विचारावे. तसे असेल तर तांब्याच्या रेषा आणि सॉकेटच्या पिना काळ्या पडलेल्या दिसतात, आणि तो काळेपणा नुसत्या पुसण्याने जात नाही.

छापखान्यांकडे वेगळ्या नजरेने पाहावे. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रके आणि स्थानिक साप्ताहिके जुळवणाऱ्या दुकानांत १९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअरे आली. त्यांच्याबरोबर प्रिंटरच्या पोर्टला लावायचे लहानसे हार्डवेअर लॉक येई. लॉक नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. छापखान्याचा संगणक घेताना मागच्या बाजूला काडेपेटीइतके काही खोचलेले आहे का, टेबलाच्या खणात आहे का, हे मालकाला शोधायला लावावे. तो तुकडा हरवला की जुन्या फाइली नुसत्या आकड्यांच्या उतरंडी होऊन बसतात.

घरांमधला माल मिळतो तो मुख्यतः सुट्यांत. चाकरमानी शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला येतात, बंद घरे उघडतात, शाकारणीसाठी माळा रिकामा होतो. यांत मे महिना उत्तम, कारण तेव्हा यंत्र कोरडे असते आणि तपासता येते. गणपतीत तेच यंत्र दमट आणि बुरशीच्या वासाचे असते, मात्र मालक उदार असतो. दापोली, खेड, श्रीवर्धन, रत्नागिरी या पट्ट्यात आखाती देशांत नोकरी करून परतलेली कुटुंबे भरपूर आहेत. त्या देशांत १९८० च्या दशकात कुवेतच्या अल-आलमिया कंपनीचे ‘सख्र’ नावाचे अरबी एमएसएक्स, म्हणजे टीव्हीला जोडायचे घरगुती संगणक विकले जात. असे एखादे यंत्र मुलांच्या खेळण्यांबरोबर इकडे आलेले असणे अगदी शक्य आहे, म्हणून विचारताना ‘जुना कॉम्प्युटर आहे का’ असे न विचारता ‘टीव्हीला लावून खेळायचा कीबोर्ड होता का’ असे विचारावे. तेवढ्याने आठवणी जाग्या होतात.

लिलावात उतरताना

सरकारी, निमसरकारी कचेरी किंवा अनुदानित संस्था आपले सामान सरळ विकू शकत नाही. आधी ते डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असते, मग समिती ते निरुपयोगी ठरवते, त्याचे निर्लेखन होते, म्हणजे नोंदवहीतून ते कमी केले जाते, आणि त्यानंतरच ते विक्रीला निघते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे उरलेले मूल्य दोन लाख रुपयांहून जास्त असलेल्या मालासाठी जाहीर निविदा किंवा जाहीर लिलाव करावा लागतो. त्याखालच्या मालाची रीत सक्षम अधिकारी ठरवतो. आपल्या उपयोगाचे बहुतेक ढीग या मर्यादेच्या खालीच असतात, म्हणून त्यांची जाहिरात मोठ्या वर्तमानपत्रात शोधू नये. कार्यालयाचा सूचना फलक, स्थानिक दैनिकाचे आतले पान आणि भांडारपालाशी असलेली ओळख या तीनच गोष्टी कामाला येतात. मोठ्या उपक्रमांचा माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या आणि रेल्वेचा तिच्या आयआरईपीएस या संकेतस्थळावर ऑनलाइन लिलावात निघतो. तिथे नोंदणी, बयाणा रक्कम आणि अनेकदा जीएसटी क्रमांक लागतो, आणि ढीग इतका मोठा असतो की एकट्या शौकिनाने त्या वाटेला जाऊ नये.

सूचनेत ‘जिथे आहे, जसे आहे’ हे शब्द असतातच. त्याचा अर्थ असा की हातोडा पडल्यावर तक्रारीला जागा नाही, त्यामुळे पाहणीच्या ठरलेल्या दिवशी टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर आणि वही घेऊन जाणे हाच लिलावाचा खरा भाग. कॅबिनेट उघडू देत नसतील तर मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्टीतून आत उजेड टाकावा. प्रत्येक यंत्रावर पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवलेला डेडस्टॉक क्रमांक वहीत उतरवून घ्यावा, कारण पाहणी आणि लिलाव यांमधल्या दिवसांत चांगली मेमरी आणि कार्डे गायब होण्याचा अनुभव नवा नाही, आणि ताबा घेताना क्रमांकावरून विचारता येते. केंद्रीय नियमांनुसार लिलावात बोली जिंकणाऱ्याकडून किमान २५ टक्के रक्कम जागेवरच घेतली जाते आणि उरलेली भरल्याशिवाय माल हलत नाही. इतरत्रही साधारण हाच रिवाज असल्याने तेवढी तयारी ठेवूनच जावे.

अडचण अशी की ढीग फोडून विकत नाहीत. एका लॉटमध्ये संगणकांबरोबर तुटक्या खुर्च्या, पंखे, यूपीएसच्या मेलेल्या बॅटऱ्या आणि झेरॉक्स यंत्र असते, आणि समोर बोली लावणारे भंगारवाले मनात किलोचा हिशेब करत असतात. त्यांच्याशी बोलीत स्पर्धा करणे महागात पडते आणि जिंकलो तरी खुर्च्या घरी न्याव्या लागतात. त्यापेक्षा लिलावाच्या आधीच नेहमीच्या माणसाशी बोलून ठेवावे : ‘चाचा, लॉट तुम्हाला लागला तर त्यातले हे दोन डबे बाजूला ठेवा, वजनाच्या भावावर वरचे पैसे देतो.’ उत्तर बहुधा ‘मॉनिटर पण उचला, तो कोण घेत नाही’ असे येते. ते मान्य करावे, कारण काचेच्या नळीचा मॉनिटर भंगारात खरोखरच कोणी घेत नाही आणि पुढे तुम्हाला त्याचीच गरज लागणार आहे.

ई-कचऱ्याचे नियमही समजून घ्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या २०२२ च्या नियमांप्रमाणे, वर्षात कधीही एक हजार किंवा त्याहून जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणारी संस्था ही मोठा ग्राहक ठरते आणि तिला आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यावा लागतो. म्हणजे मोठ्या कारखान्याच्या किंवा बँकेच्या मुख्यालयाच्या दारात तुम्हाला ‘नाही’ ऐकू येईल आणि ते बरोबर असेल; तिथे नोंदणीकृत नूतनीकरण करणाऱ्याशीच संधान बांधावे. गावातली पतसंस्था, छापखाना किंवा शाळा सहसा या व्याख्येत बसत नाही.

खरेदी कुठूनही झाली तरी पावती घ्यावी आणि तीवर अनुक्रमांक लिहून घ्यावा. सरकारी क्रमांक रंगवलेले यंत्र कोणी कागदाशिवाय देत असेल तर ते कितीही दुर्मीळ असले तरी घेऊ नये.

जागेवरची तपासणी

आधी नाक. कॅबिनेटच्या पंख्याच्या जाळीशी वास घ्यावा : बुरशीचा वास सुधारता येतो, जळक्या बॅकेलाइटचा वास म्हणजे पॉवर सप्लाय गेलेला, आणि उंदराच्या मुताचा वास आला तर मदरबोर्डच्या रेषा खाल्लेल्या आहेत असे धरून चालावे.

मग मागची बाजू. पोर्टांभोवतालचे स्क्रू आणि पत्र्याच्या पट्ट्या हे त्या घरातल्या हवेचे प्रमाणपत्र असते. स्क्रूच्या खाचेत नुसता तपकिरी डाग असेल तर हरकत नाही. पट्टीवरचा मुलामा फुगून पापुद्रे सुटत असतील, किंवा सिरियल पोर्टच्या पिनांवर हिरवट पूड असेल, तर मीठ आतपर्यंत गेले आहे. हिरवे म्हणजे तांबे गंजले, पांढरी भुकटी म्हणजे अॅल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा.

चिपळूण आणि महाडमध्ये मिळालेल्या प्रत्येक यंत्राबाबत पुराचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. जुलै २००५ आणि जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी आणि सावित्री यांचे पाणी बाजारपेठांत शिरले, आणि तेव्हा भिजलेली यंत्रे पुसून, वाळवून अजून फिरत आहेत. कोकणातल्या प्रत्येक संगणकात तांबडी धूळ असतेच, त्यामुळे नुसता लाल रंग पाहून घाबरू नये. धूळ आणि गाळ यांतला फरक जागेवरून ओळखावा. धूळ वरच्या पृष्ठांवर आणि पंख्याच्या हवेच्या वाटेवर बसते, फुंकरीने उडते आणि चिपच्या खालच्या बाजूला नसते. गाळ मात्र सगळीकडे जातो : रिबन केबलच्या जोडणीच्या आत, फ्लॉपी ड्राइव्हच्या पट्टीखाली, स्क्रूच्या भोकांत, कीबोर्डच्या कळांच्या दांड्यांवर. तो नखाने खरवडला की मैद्यासारखा बारीक आणि चिकट लागतो. कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर आडवी रेघ दिसली आणि त्या रेघेखालचा अनुक्रमांकाचा कागद सुरकुतलेला असेल, तर पाणी किती चढले होते ते कळते. हार्ड डिस्क त्या रेघेच्या वर असेल तर ती तेवढी सोडवून घ्यावी आणि बाकीचे सोडून द्यावे.

यानंतर मदरबोर्डवरची बॅटरी. २८६, ३८६ आणि ४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या बोर्डांवर बहुधा निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली, पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी डाख लावून बसवलेली असते, आणि ती फुटून तिच्यातला क्षार आजूबाजूला पसरतो. कीबोर्डचा सॉकेट आणि कीबोर्डची चिप तिच्या शेजारीच असल्याने पहिला बळी तिथे जातो. टॉर्च तिरपा धरून बॅटरीच्या भोवतीच्या रेषा पाहाव्यात : चकचकीत असतील तर घ्या, निळसर-काळ्या झाल्या असतील तर किंमत पाडा, आणि रेषा मध्येच संपत असतील तर बोर्ड सोडून कार्डांपुरतेच बोला. घरी आणल्यावर त्याच दिवशी बॅटरी कापून काढावी, डाग पांढऱ्या व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने पुसावेत, मग शुद्ध पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावे. नाण्याच्या आकाराची लिथियम बॅटरी असलेल्या नंतरच्या बोर्डांना हा धोका नाही.

त्या नंतरच्या बोर्डांचा रोग वेगळा. साधारण १९९९ ते २००७ च्या दरम्यान बनलेल्या बऱ्याच बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसवले गेले, आणि एमएस-सीआयटी केंद्रांची बरीच यंत्रे नेमकी याच काळातली आहेत. प्रोसेसरभोवतीच्या उभ्या नळकांड्यांची टोके सपाट असावीत. एखादे टोक फुगले किंवा त्यातून तपकिरी चिकट पदार्थ आला असेल, तर सोल्डरिंगची तयारी असेल तरच घ्यावे.

फ्लॉपी ड्राइव्हच्या तोंडात उजेड टाकून पाहावा, कारण कुंभारमाशीला ते बिळासाठी फार पसंत पडते आणि आत मातीचे घट्ट बूच सापडते. फ्लॉपी तपासताना खिडकीची पत्री सरकवून चकती हळू फिरवावी. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर वाचण्याचे हेड खराब होते आणि ते हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडते. बुरशी लागलेली फ्लॉपी तिथेच टाकून देण्याचीही घाई करू नये. तिच्यावर जिस्टचे सॉफ्टवेअर असेल तर चकती बाहेर काढून धुता येते, हे काम वेळखाऊ असले तरी.

भाव

किमतीचा तळ हा नेहमी वजनाचा असतो. त्या दिवशी लोखंडाचा आणि बोर्डाचा किलोचा दर काय आहे हे आधी दुसऱ्याच भंगारवाल्याकडून काढून घ्यावे, मग यंत्राचे वजन अंदाजावे, आणि त्यावर देणाऱ्याला बरे वाटेल एवढे वाढवून द्यावे. ‘अँटिक’ हा शब्द समोरच्याने उच्चारला की थोडे थांबून यंत्रातल्या दोषांची यादी शांतपणे वाचून दाखवावी. बहुतेकदा भाव तिथेच खाली येतो. दुर्मीळ वस्तू ओळखली तरी चेहऱ्यावर दाखवू नये, पण ज्या वृद्ध गृहस्थांनी आपला पहिला संगणक जपून ठेवला आहे त्यांच्याशी असली घासाघीस करणे मला गैर वाटते. तिथे वाजवी पैसे द्यावेत आणि सोबतची पुस्तिका, खोका आणि बिल मागून घ्यावे. त्यांनी ते नक्की ठेवलेले असते.

वाहतुकीबद्दल एवढेच की मॉनिटर पडदा खाली करून गादीवर ठेवावा, हार्ड डिस्क काढून हातातल्या पिशवीत घ्यावी, आणि घाटातून येणार असाल तर आतली मोठी कार्डे आधीच काढून वर्तमानपत्रात गुंडाळावीत. पावसाळ्यात ट्रकच्या हौद्यातून काहीही आणू नये.

पहिल्यांदा वीज देताना

घरी आणल्याबरोबर प्लग लावण्याचा मोह आवरावा आणि यंत्र उघडून किमान काही दिवस कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवावे. मीठ बसलेला बोर्ड, बॅटरी आणि चिप सोडून, शुद्ध केलेल्या पाण्याने मऊ ब्रशने धुता येतो. भीती पाण्याची नसून पाणी आत राहिलेले असताना वीज देण्याची आहे. मे महिन्यातल्या उन्हात, पण थेट प्लॅस्टिकवर ऊन न पडू देता, तो दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतो.

पॉवर सप्लायच्या मागे लाल रंगाचा ११५-२३० व्होल्टचा खटका असेल तर तो २३० वर आहे याची खात्री करावी. आखातातून आलेल्या यंत्रांबाबत हे विशेष पाहावे, कारण सौदी अरेबियात घरगुती वीज बराच काळ १२७ व्होल्टची होती आणि तिथला खटका खालच्या बाजूला असू शकतो. बीबीसी मायक्रोसारख्या यंत्रांच्या सप्लायमध्ये पारदर्शक पिवळ्या वेष्टनाचे रिफा कंपनीचे कपॅसिटर असतात. जुनेपणाने त्यांना बारीक भेगा पडतात, दमट हवा आत जाते, आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत दाट, उग्र धूर येतो. ते आधीच बदलून घ्यावेत. पॉवर सप्लाय किंवा मॉनिटर उघडण्याचे काम जाणकार इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकवरच सोपवावे : मॉनिटरच्या नळीत वीस हजार व्होल्टच्या वरचा भार बंद केल्यानंतरही राहू शकतो, आणि जुन्या एटी कॅबिनेटमध्ये समोरच्या बटणापर्यंत थेट घरगुती वीज आलेली असते.

इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बल्बचा बोर्ड वापरावा. मदरबोर्ड न जोडता, सप्लायला एखादी निकामी पण फिरणारी हार्ड डिस्क भार म्हणून लावून, ६० किंवा १०० वॉटच्या साध्या, तारेच्या जुन्या बल्बमधून वीज द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशाने जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. मग मीटरने लाल तारेवर ५ आणि पिवळ्यावर १२ व्होल्ट मोजावेत. एटी सप्लायचे दोन प्लग मदरबोर्डला लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या पाहिजेत; उलटे लावले तर बोर्ड तत्क्षणी जातो.

अर्थिंगकडे कोकणात सर्रास दुर्लक्ष होते. जांभ्याच्या कातळात विजेला वाट सहज मिळत नाही आणि उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यामुळे कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. या झिणझिण्या यंत्राचा दोष समजून कित्येक चांगले संगणक विकले गेले आहेत, आणि तेवढ्याने ते स्वस्तात मिळतातही. पण वापरण्याआधी खड्ड्यात पाणी आणि मीठ-कोळसा भरून अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे.

डिस्क आणि साठवण

जुनी हार्ड डिस्क सुरू झाली तर ती पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते, म्हणून पहिल्याच यशस्वी वेळी तिची पूर्ण प्रत काढावी. आयडीई, म्हणजे रुंद चपट्या केबलच्या डिस्कसाठी यूएसबीचे साधे अडॅप्टर पुरते. पतसंस्थेच्या किंवा दवाखान्याच्या डिस्कवर लोकांची खाती आणि आजार असतात. ती माहिती वाचत बसू नये. कार्यप्रणाली आणि सॉफ्टवेअर तेवढे वेगळे ठेवून बाकीचे कायमचे पुसावे आणि तसे संस्थेला कळवावे. पुढच्या विक्रीची खबर तुम्हाला आधी मिळते, ती अशाने. रोजच्या वापरासाठी मूळ डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवावे, मात्र ४८६ पर्यंतच्या बऱ्याच बोर्डांच्या बायोसना, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रामना, ५०४ एमबीच्या पुढचे दिसत नाही, त्यामुळे कार्ड लहानच घ्यावे.

साठवणीसाठी समुद्राकडच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे आणि यंत्र जमिनीवर ठेवू नये. वाळवी लाकडी टेबलाच्या पायातून वर चढते आणि कॅबिनेटच्या आतल्या पुठ्ठ्यापर्यंत पोचते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळणे सर्वांत वाईट, कारण आतला दमटपणा बाहेर पडत नाही. सुती कापड टाकावे, कपाटात सिलिका जेल ठेवावे आणि ते दर काही आठवड्यांनी तव्यावर गरम करून पुन्हा वापरावे. जून ते सप्टेंबरमध्ये प्रत्येक यंत्र आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवावे. स्वतःच्या उष्णतेने ते आतून वाळते, आणि एखादा भाग बिघडू लागला असेल तर तो पावसाळ्याच्या सुरुवातीलाच कळतो, सुटे भाग शोधायला पुढचा मे महिना उजाडण्याआधी.